पिवळी रेघ डाव्या हाताला: इंग्लंडहून अमेरिकेत मैत्रिणींकडे, स्वतः गाडी चालवत

थेम्सकाठ

नमस्कार मंडळी,

गेली चोवीस वर्षं मी इंग्लंडात रेडिंगला राहते. पासपोर्ट ब्रिटिश झाला, गाडी मात्र शिकले कोल्हापुरात, बाबांच्या फियाटवर. दोन्हीकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत रस्त्याची उजवी बाजू म्हणजे समोरून येणाऱ्याची, एवढंच माहीत होतं. या ऑक्टोबरात तीन आठवडे ती बाजू माझी होती. न्यूजर्सीतल्या एडिसनपासून नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीपर्यंत एकटीने गाडी चालवत गेले आणि परत आले.

कारण मैत्रिणी. सांगलीच्या होस्टेलवर आम्ही तिघी एका खोलीत होतो. एक एडिसनला असते, एक केरीला. याआधी दोनदा गेले तेव्हा दोघींनी मला विमानतळावरून आणलं, फिरवलं, पुन्हा विमानतळावर सोडलं. मला वाटायचं, किती मजेत चाललंय सगळं. गेल्या खेपेला केरीत कळलं की माझ्यासाठी तिने वर्षाच्या रजेतले सहा दिवस खर्च केले होते आणि त्यापायी डिसेंबरात आईला घेऊन कोल्हापूरला जायचं राहून गेलं होतं. ती स्वतः एका शब्दाने बोलली नाही, लेकीच्या तोंडून सहज निघून गेलं. रात्रभर झोप लागली नाही मला. तेव्हाच ठरवलं, पुन्हा आले तर यांच्या रजेवर नाही यायचं. गाडी माझी मी चालवीन.

इंग्लंडातून जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं लिहिते. परवाना आपला नेहमीचा फोटोवाला चालला, गाडी देताना तेवढाच बघितला. भाड्याच्या गाड्या तिकडे ऑटोमॅटिकच असतात. क्लच नाही हे बरंच, पण पहिले दोन दिवस डावा पाय क्लच शोधत पुढे सरकतो आणि थेट ब्रेकवर पडतो. मागे ट्रक असेल तर काय होईल ते सांगायला नको. मी डावा पाय सीटकडे ओढूनच बसायचे. डावा हात गिअरकडे जातो आणि दारावर आपटतो, त्याने निदान कुणाला इजा नाही. आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते. आपण बसलेलो डावीकडे, जास्तीची गाडी उजव्या अंगाला, आणि नजरेचा अंदाज उलटा बसलेला. न्यूजर्सी टर्नपाइक या महामार्गावर दोनदा उजवी चाकं कडेच्या खाचांवर गेली आणि अख्खी गाडी घर्रर्र करून थरथरली. त्या खाचा कडेला गेलेल्याला जागं करायलाच कोरलेल्या असतात.

सिग्नल चौकाच्या पलीकडे टांगलेले असतात. आपल्याकडे दिवा थांबायच्या रेघेजवळच असतो, त्या सवयीने दिव्यापर्यंत गेलात तर चौकाच्या मधोमध पोचाल. खालच्या रेघेकडे बघायचं. लाल दिव्यानंतर थेट हिरवा येतो, आपल्यासारखे लाल-पिवळे एकत्र लागून 'तयार राहा' म्हणत नाहीत. आणि पुढच्या कित्येक गाड्यांचा मागचा इंडिकेटर लाल असतो! तिकडे तो चालतो. ब्रेकचा दिवा की वळण, हे कळायला मला दर वेळी अर्धा क्षण जास्त लागायचा, म्हणून मी पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलं.

आता ज्यासाठी धागा काढला ते.

वॉशिंग्टनला वळसा घालून मी मुद्दाम स्कायलाइन ड्राइव्हने गेले. व्हर्जिनियात शेननडोआ राष्ट्रीय उद्यानात, डोंगराच्या माथ्यावरून, फ्रंट रॉयलपासून रॉकफिश गॅपपर्यंत १०५ मैलांचा रस्ता. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. झाडं इतकी लाल-पिवळी की दर दोन मैलांवर थांबावंसं वाटत होतं, आणि थांबायला जागाही केलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी अशाच एका उजव्या हाताच्या थांब्यावर थर्मासमधला चहा घेतला. दरीतून धुकं वर आलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी निवांत गाडी काढली, उजवीकडे वळले, आणि चोवीस वर्षांच्या सवयीने रस्ता ओलांडून पलीकडच्या पट्टीत शिरले. इंग्लंडात उजवीकडे वळणं म्हणजे तेच ना.

छान चालले होते. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. मग दिसलं, पिवळी जोडरेघ माझ्या उजव्या हाताला होती. अमेरिकेत समोरून येणाऱ्यांना वेगळं करणारी रेघ पिवळी असते आणि एकाच दिशेच्या पट्ट्यांमधली पांढरी. म्हणजे चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला पिवळी असायलाच हवी. दुभाजकाच्या रस्त्यावरही डावी कड पिवळी, उजवी पांढरी. मी गाडी आपल्या बाजूला घेतली. अर्धा मिनिटही झालं नसेल, वळणावरून दिवे लावलेला एक मोठा कॅम्पर धुक्यातून आला आणि शेजारून निघून गेला. पुढच्या थांब्यावर मी किती वेळ स्टिअरिंग धरून बसले होते, मला आठवत नाही.

म्हणून सांगते, गर्दीत चूक होत नाही. गर्दीत बाकीच्या गाड्या आपल्याला रांगेत ठेवतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पहाटे, पेट्रोलपंपावरून किंवा पार्किंगमधून निघताना, मन निवांत असताना. मी तिथेच एका चिकटचिठ्ठीवर 'पिवळी डावीकडे' असं लिहून स्पीडोमीटरखाली लावलं. ते परतेपर्यंत तिथेच होतं.

केरीला पोचले. मैत्रिणीला बजावलं होतं, एकही रजा घ्यायची नाहीस. सकाळी नऊपर्यंत ती, तिचा नवरा, लेक सगळे घराबाहेर. घरात मी आणि काकू, म्हणजे तिची आई. काकू ७६ वर्षांच्या. काका गेल्यावर चार वर्षांपूर्वी लेकीकडे आल्या. कोल्हापुरात रोज कपिलतीर्थ मंडईत चालत जाणाऱ्या, येताना अंबाबाईला नमस्कार करणाऱ्या बाई. इथे फुटपाथ कॉलनीच्या तोंडाशी संपतो, पुढे चार पदरी रस्ता. दुकान दोन मैलांवर, आणि तिथे चालत जाणारं कुणी मला दिसलं नाही.

मी दुकानात निघाले होते, सहज विचारलं, "काकू, येता का?" पाच मिनिटांत इस्त्रीची साडी, हातात पर्स, पायात बूट. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बूट दाराशी घातलेलेच होते. त्या रोजच सकाळी आवरून बसत होत्या.

गाडीत त्या पुढे बसल्या. "इथे पुढे कधी बसले नव्हते गं," म्हणाल्या. जावई चालवणार, लेक पुढे, म्हणजे यांची जागा मागे. कुणाचा त्यात दोष नाही, रीतच तशी. दुकानात त्यांनी मेथी निवडली. एकेक जुडी उचलायची, देठ मोडून बघायचा, "ही जून आहे" म्हणून परत ठेवायची. वीस मिनिटं लागली आणि मी एकदाही घाई केली नाही. मग म्हणाल्या, "जवळ पोस्ट आहे का?" पर्समध्ये बहिणीला लिहिलेलं पत्र होतं, पत्ता घालून बंद केलेलं, तारीख मेची. लेकीला 'पोस्टात ने' म्हणायला त्यांना जिवावर येत होतं, ती दमून येते म्हणून. परदेशी टपालाचं तिकीट तिकडे गोल असतं. ते त्यांनी स्वतः पैसे देऊन घेतलं, स्वतः चिकटवलं, अंगठ्याने दाबून धरलं.

स्पीडोमीटरखालची चिठ्ठी कशाची, ते त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. मग आठ दिवस प्रत्येक वळणावर खिडकीतून वाकून बघायच्या आणि सांगायच्या, "पिवळी डावीकडे आहे हं, जा."

रेडिंगमध्ये माझ्या शेजारच्या आजी ८१ वर्षांच्या आहेत. कोपऱ्यावरून बस मिळते, पेन्शनच्या वयानंतर पास फुकट, लंडनमध्ये तर साठीलाच. त्या कुणाला न विचारता गावात जातात, कॉफी पितात, परत येतात. मी हे इतकी वर्षं गृहीत धरलं होतं.

तुमचे अनुभव लिहा, गाडीचेही आणि घरातल्या मोठ्यांचेही. काकूंसाठी काही करता येण्यासारखं कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

---

पोटोमॅकपार

फार आतून लिहिलंय, ताई. धुक्यातला प्रसंग वाचून पोटात गोळा आला.

मी व्हर्जिनियात सतरा वर्षं आहे, आमच्या राज्याचं सांगतो. इथे वेगाबाबत कुणीही हलगर्जी करू नये. ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त, तर तो साधा दंड नसतो. बेफिकीर वाहनचालनाचा फौजदारी गुन्हा लागतो आणि कोर्टात उभं राहावं लागतं. इंग्लंडात मोटरवेला ७० ची मर्यादा असून लोक ८० ने जातात, ती सवय इथे आणू नका. रडार पकडणारं यंत्रही आमच्याकडे गाडीत वापरायला बंदी आहे.

शाळेची पिवळी बस हा दुसरा मुद्दा. ती थांबून लाल दिवे लुकलुकू लागले आणि बाजूची 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली की मागच्यांनीच नाही, समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. मध्ये दुभाजक असेल तरच पलीकडच्यांना सूट. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं, आणि मूल रस्ता ओलांडत असतं.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी हरणं. एक गेलं म्हणून पुन्हा वेग घेऊ नका, मागून दुसरं येतंच.

---

मुठाकाठी

ताई, आम्ही दोघं मार्चमध्ये मुलाकडे डॅलसला चाललोय. ह्यांचं वय ६३, पुण्यात रोज गाडी चालवतात. भारतीय परवान्यावर तिकडे चालवता येईल का? मुलगा म्हणतो, कशाला त्रास घेता, मी आहे ना. पण तुमचं वाचून वाटलं, विचारून बघावं.

---

थेम्सकाठ

@पोटोमॅकपार, बसचं मला माहीत होतं ते एडिसनवालीने पहिल्याच संध्याकाळी बसवून घोकून घेतल्यामुळे.

@मुठाकाठी, आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना सोबत ठेवायचाच. राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, टेक्सासचे निघण्याआधी मुलाला बघायला सांगा. मुलाच्या गाडीच्या विम्यात ह्यांचं नाव बसतं का, हेही आधीच. आणि पहिल्या दिवशी विमानातून उतरून लगेच नको. झोप झाल्यावर, रविवारी सकाळी, मुलाला शेजारी बसवून कॉलनीतच अर्धा तास. मी एडिसनला तसंच केलं. ती शेजारी बसली होती आणि दर वळणाला हात उजवीकडे दाखवत होती, तोंडाने बोलली तर मी दचकेन म्हणून.

पेट्रोलचं लिहायचं राहिलं. तिकडे त्याला गॅस म्हणतात, आणि पंपावर कार्ड घातलं की पिनकोड मागतात. आपला ब्रिटिश किंवा भारतीय कोड त्यात बसत नाही. सरळ आत जायचं, पंपाचा नंबर सांगायचा, चाळीस डॉलर आगाऊ द्यायचे, उरले तर परत मिळतात. न्यूजर्सीत मात्र स्वतः भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे. मी उतरून नळीला हात लावला तर तिथला मुलगा धावत आला, "मॅडम, बसा, मी भरतो." क्षणभर कोल्हापूरच्या पंपावर असल्यासारखं वाटलं. त्यांचा गॅलनही आपल्यापेक्षा लहान, ३.७८५ लिटरचा. इंग्लंडातला ४.५४६ चा. त्यामुळे मैल-प्रति-गॅलनचा आकडा बघून गाडी जास्त पिते असं वाटलं तर दचकू नका.

---

अटकेपार

सिअ‍ॅटलहून. नकाशा समजून घेतला की या देशात गाडी चालवणं फार सोपं होतं, म्हणून हे लिहितो.

१९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळात इंटरस्टेटचा, म्हणजे देशभरच्या महामार्गांचा कायदा झाला आणि सगळ्या देशावर आकड्यांची जाळी पडली. विषम आकडे उत्तर-दक्षिण, सम आकडे पूर्व-पश्चिम. विषम आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात: आमचा ५ पॅसिफिकच्या बाजूचा, ताईंचा ९५ अटलांटिकच्या बाजूचा. सम आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात: १० खाली, ९० वर. तीन आकडी रस्त्याचा पहिला आकडा सम असेल तर तो बहुधा शहराला वळसा घालून परत मुख्य रस्त्याला मिळतो. वॉशिंग्टनभोवतीचा ४९५ तसाच. बहुतेक राज्यांत एक्झिटचे नंबर मैलांप्रमाणे असतात, म्हणजे ४० वरून ६२ ला जायचं तर २२ मैल. फोनची रेंज गेली तरी माणूस हरवत नाही. डोंगरात ती जातेच.

लाल दिव्याला उजवीकडे वळण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. पाटीने मनाई केली नसेल तर वळता येतं, पण आधी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. न्यूयॉर्क शहरात उलटं, पाटीने परवानगी दिली असेल तरच. चारही बाजूंना 'स्टॉप' असेल तर जो आधी थांबला तो आधी, एकदम आले तर उजवीकडचा आधी. मला हा नियम फार आवडतो. पोलीस नाही, दिवा नाही, आणि माणसं एकमेकांकडे बघून वाट देतात.

---

सत्तरीतली

मी सॅन होजेला मुलाकडे असते, वय ७१. थेम्सकाठ, तुमचं लेखन आवडलं, पण काकूंचं चित्र वाचून थोडं वाईट वाटलं, म्हणून माझी बाजू सांगते.

मी इथे आले तेव्हा ६१ वर्षांची होते. आयुष्यात लुनाशिवाय काही चालवलं नव्हतं. तीन महिने खिडकीत बसून काढले. मग मुलाला म्हटलं, मला शिकव. त्याला वेळ नव्हता, क्लास लावला. दोनदा परीक्षेत नापास झाले, एकदा कडेलगत गाडी सरळ मागे घेताना आणि एकदा स्टॉपला गाडी पूर्ण थांबली नाही म्हणून. तिसऱ्यांदा पास. आता सत्तरी झाल्यावर परवान्याच्या नूतनीकरणाला स्वतः जावं लागतं, डोळे तपासतात, तेही करून आले. फ्रीवेला मी जात नाही. रात्री चालवत नाही. पण वाचनालय, भाजी, मैत्रिणीकडे भजन, हे सगळं माझं मी. मुलाच्या गाडीची वाट बघत बसणं आणि स्वतःची किल्ली पर्समध्ये असणं यातलं अंतर ज्याने दोन्ही भोगलंय त्यालाच कळतं.

आईवडिलांना 'आता या वयात कशाला' असं म्हणू नका हो.

---

थेम्सकाठ

@सत्तरीतली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग मोठ्याने वाचून मैत्रिणीला पाठवला. तुमचं खरं आहे. काकूंना मात्र डाव्या डोळ्याने कमी दिसतं, म्हणून त्यांच्याबाबतीत ती वाट बंद आहे. पण माझ्या सासूला 'या वयात कशाला' असं मीच मागच्या वर्षी म्हटलं होतं. आज तिची माफी मागते.

---

भरतीओहोटी

मला हे लिहावं की नाही असं झालं होतं.

मी अटलांटाला आहे, आई तीन वर्षं माझ्याकडे. थेम्सकाठ, तुम्ही आठ दिवस काकूंना घेऊन फिरलात, मनापासून चांगलं केलंत. पण आम्हा लेकींचं काय होतं ते कुणी विचारत नाही. सकाळी साडेसहाला दोन मुलांचे डबे, साडेसातला शाळा, पन्नास मिनिटं गाडी, आठ तास काम, पुन्हा पन्नास मिनिटं, मग पोहण्याचा क्लास. घरी आले की आई दारात उभी असते आणि तिच्या डोळ्यांत 'बाहेर जायचं' असतं. ती म्हणत नाही. ती म्हणत नाही ना, तेच जास्त लागतं. मी पुन्हा किल्ली उचलते किंवा नाही उचलत. ज्या दिवशी नाही उचलत त्या दिवशी झोप लागत नाही.

'कुणाचा त्यात दोष नाही' हे तुम्ही लिहिलंत, त्यासाठी आभार. पण मेमध्ये लिहिलेलं पत्र वाचून माझ्या पोटात जे झालं ते मलाच माहीत. आज घरी जाऊन आईची पर्स बघणार आहे.

---

थेम्सकाठ

अगं, तू लिहिलंस ते बरं केलंस. मीही काकूंबद्दलचा मजकूर केरीत असतानाच मैत्रिणीला वाचायला दिला होता. तिने म्हटलं असतं तर पत्राचा भाग काढून टाकणार होते. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, राहू दे, खरं आहे. त्या रात्री आम्ही दोघी गराजमध्ये गाडीत बसून बोललो. घरात सगळे झोपले होते आणि होस्टेलवर आम्ही जिन्यात बसायचो तशी तीच एक जागा मोकळी होती. ती खूप रडली. तू लिहिलंस तेच सगळं ती बोलली, पोहण्याच्या क्लासऐवजी व्हायोलिनचा.

मला तुम्हा मुलींबद्दल एक अक्षर वावगं म्हणायचं नाही. गावंच अशी बांधलीत की गाडी नसलेल्या माणसाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि त्याचा भार येऊन पडतो तो घरातल्या एका बाईवर.

---

लेस्टरची

मीही इंग्लंडातूनच. दोन गोष्टी जोडते.

एक, विमा. ब्रिटनमध्ये दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई सक्तीच्या विम्यात अमर्याद असते, म्हणून आपण त्याचा विचारच करत नाही. अमेरिकेत राज्याने सक्तीची केलेली रक्कम फार लहान असू शकते. कॅलिफोर्नियात एका माणसाच्या इजेसाठी ती १५,००० डॉलर होती, जानेवारी २०२५ पासून ३०,००० झाली. तिकडच्या हॉस्पिटलच्या बिलापुढे हे काहीच नाही. गाडी ठरवताना तिसऱ्या पक्षाचं वाढीव संरक्षण आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून वाचा. मी इंग्लंडातूनच ते धरून बुकिंग करते.

दोन, पोलीस. दक्षिणेतल्या एका राज्यात मला मागचा दिवा बंद होता म्हणून थांबवलं. इंग्लंडात उतरून बोलायला जाणं कुणाला वावगं वाटत नाही, म्हणून मी दार उघडून उतरले. मागून भोंग्यातून जोरात आवाज आला, गाडीत बसा. हातपाय गार पडले माझे. तो पोलीस नंतर नीट बोलला, दिवा दुरुस्त करा म्हणून सोडून दिलं. पण कृपा करून लक्षात ठेवा: गाडी कडेला घ्यायची, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे, आणि कागद काढायला हात खाली न्यायच्या आधी तसं सांगायचं. शेजारी बसलेल्यांनाही हे आधी सांगून ठेवा. माझ्या बाबांनी मदत म्हणून लगेच पुढचा कप्पा उघडायला घेतला होता.

---

केरीकर

थेम्सकाठ, मी केरीतच राहतो, म्हणून काकूंसाठी खास.

आमच्या गावाची 'गोकेरी' नावाची बससेवा आहे. ठरलेल्या मार्गांच्या बस आहेतच, पण त्याशिवाय साठी ओलांडलेल्या आणि अपंग रहिवाशांसाठी दारातून दारापर्यंत नेणारी सेवा आहे. आधी नाव नोंदवावं लागतं, फेरी आदल्या दिवशी तरी सांगून ठेवावी लागते, थोडं भाडं पडतं. गाडी घराशी येते. माझे वडील तिने व्यंकटेश्वराच्या देवळात जातात. देवळाचं ८७ फुटी गोपुर २०२२ मध्ये झालं, त्याच्या पायऱ्यांशी त्यांना उतरवतात. तिथे आणखी दोन मराठी आजोबा भेटतात, तिघांची बैठक ठरलेली आहे.

काकूंना इंग्रजीची अडचण असेल तर पहिल्या फेरीला मी वडिलांना सोबत पाठवतो. व्यक्तिगत निरोपात नंबर देतो.

---

मुठाकाठी

हे वाचून डोळे भरले. ह्यांनी आजच आरटीओची वेळ घेतली.

---

थेम्सकाठ

केरीकर, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. तुमच्या निरोपानंतर मैत्रिणीने त्याच आठवड्यात नाव नोंदवलं. इतकी वर्षं त्याच गावात राहून तिला हे माहीत नव्हतं, कारण तिच्या ओळखीचं कुणी बसने जातच नाही.

काल काकूंचा फोन आला. त्यांच्या रात्रीचे नऊ, म्हणजे माझ्याकडे पहाटेचे दोन. वेळेचा हिशेब त्यांचा चुकला आणि मी तो सांगितला नाही. तुमच्या वडिलांबरोबर पहिली फेरी झाली. दुसरीला त्या एकट्या गेल्या, वाचनालयात. चालवणारी बाई होती, तिने हात धरून पायरी चढवली. वाचनालयात मराठी पुस्तकं नाहीत, पण बागकामाची चित्रांची पुस्तकं बघत दोन तास बसल्या. बहिणीचं उत्तर आलंय, मंडईत आता मेथी चांगली येतेय असं तिने लिहिलंय. चार पानी पत्र आहे. त्याचं उत्तर लिहून झालं आहे आणि मंगळवारी सकाळी साडेदहाची गाडी सांगून ठेवली आहे, पोस्टात जायला.